दूध आणि दुधात : शुद्धलेखन अडणाऱ्या मुलाला घरी शिकवताना

मूल वहीत ‘दुध’ लिहिते, आपण लाल पेनाने त्याचे ‘दूध’ करतो, मूल तो शब्द खाली दहा वेळा मुकाट्याने लिहून काढते आणि दुसऱ्या दिवशी निबंधात पुन्हा ‘दुध’च येते. घरी शिकवणाऱ्या बहुतेक पालकांना हा अनुभव येतो आणि त्यातून दोनच निष्कर्ष निघतात : एक तर मूल लक्ष देत नाही, किंवा मराठी शुद्धलेखन हे केवळ पाठांतराचे काम आहे. माझ्या मुलीला दुसरीनंतर घरी शिकवू लागले, तेव्हा पहिले वर्ष मीही याच समजुतीत घालवले. पुढे तिच्या चुका नीट मांडून पाहिल्यावर माझे मत बदलले. मराठीतील ऱ्हस्व-दीर्घाच्या बहुसंख्य चुका शब्दाच्या ‘जागेशी’ संबंधित असतात. वेलांटी शब्दात कुठे आली आहे हे मुलाला पाहता आले की शब्द पाठ करावा लागत नाही. उरलेले शब्द, म्हणजे मुख्यतः संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द, वेगळ्या पद्धतीने शिकवावे लागतात. हे दोन गट एकत्र शिकवले की मुलाचा गोंधळ होतो, आणि आपल्या बहुतेक वह्यांत ते एकत्रच असतात.

घरी शिकणाऱ्या मुलाजवळ वेळ असतो, ही मोठी सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते आणि तिथे मराठी हा विषय घेता येतो. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाचे शुद्धलेखन या दिवाळीपर्यंत सुधारलेच पाहिजे, असे कोणतेही बंधन नाही. खाली सांगितलेला क्रम पूर्ण व्हायला साधारण एक वर्ष लागते, आणि अडखळणाऱ्या मुलाला दीड वर्ष लागले तरी हरकत नाही.

आधी चुका वाचाव्यात

पहिल्या आठवड्यात काहीही शिकवू नये. मुलाचे अलीकडचे लेखन गोळा करावे आणि शांत वेळी पुढील पंचवीस शब्द एकदा सांगून लिहून घ्यावेत : वही, गुरू, आणि, खीर, चूल, बहीण, फूल, चुलीत, बहिणीला, फुले, किडा, पाहुणा, चिंच, भिंत, पुस्तक, रिक्षा, सूर्य, प्रकाश, राष्ट्र, कुऱ्हाड, परीक्षा, सामाजिक, भारतीय, मुलांना, त्यांनी. ही परीक्षा नाही हे मुलाला सांगावे, गुण देऊ नयेत आणि कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा.

आता चुकांचे गट पाडावेत. ‘पुस्तक’चे ‘पुतक’ किंवा ‘सूर्य’चे ‘सुय’ होत असेल, काना किंवा अनुस्वार सुटत असेल, तर मुलाला शब्दातले ध्वनी अजून पूर्ण सुटे ऐकू येत नाहीत. अशा मुलाला ऱ्हस्व-दीर्घाचे नियम सांगणे म्हणजे पाया नसताना भिंत बांधणे आहे. ‘खिर’, ‘बहिण’, ‘फुल’ या चुका जागेच्या आहेत. ‘परिक्षा’ आणि ‘सामाजीक’ या तत्सम शब्दांच्या चुका आहेत. ‘मुलाना’, ‘त्यानी’ येथे अनुस्वाराचे व्याकरण कच्चे आहे. आणि मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ किंवा ‘बाण’ऐवजी ‘बान’ लिहीत असेल, तर बहुधा ते घरी बोलले जाते तसेच लिहीत आहे.

या शेवटच्या गटाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. विदर्भात, खानदेशात आणि इतरही अनेक घरांत ण आणि ळ यांचे उच्चार प्रमाण मराठीपेक्षा वेगळे आहेत. त्या बोलीत चूक काहीच नाही. मुलाला ‘तू अशुद्ध बोलतोस’ असे म्हणणे म्हणजे त्याच्या आजीला अशुद्ध ठरवणे आहे, आणि ते मूल पुढे लिहायलाच कचरते. ‘आपण घरी असे बोलतो, पुस्तकात हा शब्द असा लिहितात’ एवढेच सांगावे आणि अशा शब्दांची वेगळी यादी भिंतीवर लावावी. ही यादी लहानच राहते.

कान तयार करणे

ज्या मुलाची अक्षरेच सुटतात, त्याच्यासाठी पहिले दोन-तीन महिने केवळ ऐकण्याचे काम करावे. शब्द मोठ्याने म्हणावा, त्याचे तुकडे करत टाळ्या वाजवाव्यात आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक चिंचोका मांडावा. ‘पुस्तक’ म्हणताना ‘पुस्’ आणि ‘तक’ असे दोन ठोके ऐकू येतात. त्यातला ‘स्’ मुलाने तोंडाने ताणून धरावा आणि मगच पाटीवर लिहावा. जोडाक्षर लिहिण्यापूर्वी ते पाय मोडून सुटे लिहू द्यावे : पु, स्, त, क. आठ-दहा दिवस असे लिहिल्यावर ‘स्त’ जोडताना मुलाला आपण काय जोडत आहोत हे माहीत असते. ताटात पसरलेल्या रव्यात बोटाने लिहिणे हे जुनेच साधन आहे आणि ते आजही उपयोगी पडते, कारण चुकलेले अक्षर हाताने पुसता येते आणि वहीवर खाडाखोड राहत नाही.

‘र’ला मात्र स्वतंत्र आठवडा द्यावा. एकाच र्-ध्वनीची इतकी रूपे मराठीत आहेत की अडखळणारे मूल तिथे हमखास अडते : ‘सूर्य’मधला डोक्यावरचा रफार, ‘प्रकाश’मधली तिरकी रेघ, ‘राष्ट्र’मधले ट खालचे चिन्ह आणि ‘कुऱ्हाड’मधला अर्धचंद्रासारखा ऱ्. मुलाला एकच प्रश्न विचारायला शिकवावे : र् आधी उच्चारला जातो की नंतर? आधी उच्चारला जात असेल तर तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो (सू-र्-य), नंतर येत असेल तर आधीच्या अक्षराला खालून चिकटतो (प्-र-काश). ऱ् कुठे वापरायचा, हे ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द शेजारी म्हणून कळते. समुद्र या अर्थाच्या ‘दर्या’मध्ये ‘द’वर आघात येतो; दरीचे अनेकवचन असलेल्या ‘दऱ्या’मध्ये तो येत नाही. मुलाने दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून फरक स्वतः शोधावा, आपण आधी सांगू नये.

स्वयंपाकघरातले चार नियम

प्रमाण मराठीचे आजचे लेखननियम मराठी साहित्य महामंडळाने तयार केले आणि महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. १९६२ मध्ये १४ नियम आले, १९७२ मध्ये आणखी ४ जोडले गेले. हे १८ नियम पालकाने स्वतः एकदा पूर्ण वाचावेत. मुलासमोर मात्र पहिल्या वर्षी चारच आणावेत, आणि प्रत्येकाला किमान तीन आठवडे द्यावेत. वेलांटी आणि उकार यांना घरात आपण ज्या नावांनी ओळखतो तीच नावे वापरावीत : पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, पहिला उकार, दुसरा उकार. ऱ्हस्व आणि दीर्घ हे शब्द नंतर आले तरी चालतात.

पहिला नियम सर्वांत सोपा आहे : शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी दुसरी आणि उकार दुसरा. वही, वाटी, पळी, सुरी, लाडू, लिंबू, मी, तू. तत्सम शब्दही सुटे लिहिताना असेच लिहायचे : कवी, गुरू, बुद्धी. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ ही अव्यये अपवाद आहेत आणि ती मुलाला रोज लागतात, म्हणून ती पाठ करावीत. हे पाठांतर लहान आहे आणि त्यावर वेळ खर्च करणे योग्य आहे.

दुसरा आणि तिसरा नियम मी एकत्र शिकवते, कारण त्यांचा अर्थ एकमेकांशेजारी ठेवल्यावरच कळतो. शेवटचे अक्षर काना-मात्रा नसलेले, म्हणजे अकारान्त असेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार दीर्घ असतो. शेवटचे अक्षर दीर्घ झाले, किंवा शब्दाला प्रत्यय लागून शब्द लांबला, की तोच स्वर ऱ्हस्व होतो. आता स्वयंपाकघरात जावे. दूध, तूप, पीठ, मीठ, गूळ, तीळ, मूग, खीर, चूल. या सगळ्या शब्दांत दुसरा उकार किंवा दुसरी वेलांटी आहे. त्याच वस्तूंविषयी बोलू लागलो की त्या आखडतात : दुधात, तुपाची, पिठाला, मिठाने, गुळाचा, तिळाचे, मुगाची, खिरीत, चुलीवर. ‘दूध’ म्हणताना आपण तो ‘दू’ लांबवतो, कारण शेवटचा ‘ध’ जवळजवळ पाय मोडल्यासारखा उच्चारला जातो. ‘दुधात’ म्हणताना आघात ‘धा’कडे सरकतो. मुलाला हे कानाने पकडता येते, आणि एकदा पकडले की नियमाचे शब्द आठवण्याची गरज उरत नाही.

आमच्या घरी डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. डब्याच्या पुढच्या बाजूला ‘गूळ’, मागच्या बाजूला ‘गुळाची पोळी’. रोज सकाळी मुलीने एक डबा फिरवायचा, दोन्ही बाजू मोठ्याने वाचायच्या आणि झाकून पाटीवर लिहायच्या. एवढ्या कामाला चार मिनिटे लागत. संक्रांतीच्या सुमारास तिने स्वतःच विचारले की ‘तीळ’ दीर्घ असताना ‘तिळगूळ’मध्ये पहिली वेलांटी का. त्या प्रश्नाचे उत्तर तिनेच दिले, आणि मला वाटते की त्या वर्षातला सर्वांत चांगला धडा तोच होता : शब्द लांबला, ‘ती’ आता शेवटून दुसरी राहिली नाही, आणि ‘गू’ मात्र राहिला.

डबे संपले की घरातली माणसे आणि अंगण घ्यावे : बहीण–बहिणीला, सून–सुनेने, फूल–फुले, विहीर–विहिरीत, गरीब–गरिबांना, वकील–वकिलाने. मग शेवटचे अक्षर मुळातच दीर्घ असलेले शब्द : किडा, जिरे, पिसू, पुरी, विळी, महिना, पाहुणा. काही शब्दांत प्रत्यय लागताच वेलांटी किंवा उकार नाहीसाच होतो, तेही येथेच दाखवावे : कणीक–कणकेचा, लाकूड–लाकडाची, बेरीज–बेरजेत.

चौथा नियमही मसाल्याच्या डब्यातच सापडतो. अनुस्वारापूर्वीची वेलांटी पहिली आणि उकार पहिला : चिंच, हिंग, डिंक, सुंठ, लिंबू, आणि घराबाहेर भिंत, उंट, उंच. जोडाक्षरापूर्वीही मराठी शब्दांत ऱ्हस्वच : शिस्त, विस्तव, मुक्काम, पुष्कळ. येथे ‘सूर्य’, ‘पूर्ण’, ‘तीव्र’, ‘कीर्ती’ असे तत्सम शब्द नियमाबाहेर राहतात. मुलाने ते विचारले तर ‘हा दुसऱ्या वहीतला शब्द आहे’ असे सांगावे, आणि त्या वहीकडे वळावे.

दुसरी वही : डोळ्यांनी शिकायचे शब्द

तत्सम शब्द संस्कृतातले आपले ऱ्हस्व-दीर्घ सोबत घेऊन येतात. म्हणून ‘गुण’, ‘विष’, ‘मंदिर’, ‘पंडित’ यांच्या शेवटी अकार असूनही आधीचा स्वर ऱ्हस्व आहे, आणि ‘शरीर’चे ‘शरीरात’ होताना वेलांटी बदलत नाही. ‘किडा’ आणि ‘क्रीडा’ हे दोन शब्द एका पानावर लिहून दाखवले की दोन गटांतला फरक मुलाच्या मनात पक्का बसतो.

हे शब्द सुटे पाठ करायला लावू नयेत. ते कुटुंबांनी शिकवावेत. ‘इक’ प्रत्ययाचे कुटुंब नेहमी पहिल्या वेलांटीचे : सामाजिक, धार्मिक, आर्थिक, ऐतिहासिक, दैनिक. ‘इत’चेही तसेच : लिखित, कथित, प्रकाशित. ‘ईय’चे कुटुंब नेहमी दुसऱ्या वेलांटीचे : भारतीय, राष्ट्रीय, शासकीय. ‘स्थानिक’ मात्र यात नाही, कारण तो ‘इक’चा आहे. ‘करण’ जोडताना आधी ‘ई’ येते : स्पष्टीकरण, नूतनीकरण, शुद्धीकरण. ‘परि’, ‘प्रति’, ‘अति’, ‘अभि’, ‘वि’ हे उपसर्ग ऱ्हस्व : परिसर, परिणाम, प्रतिमा, अभिमान. मग ‘परीक्षा’ दीर्घ का? कारण तिथे ‘परि’ आणि ‘ईक्षा’ एकत्र आले आहेत, आणि ‘प्रतीक्षा’तही तेच घडले आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हा संधी सहज समजतो, आणि एकदा समजल्यावर ‘परिक्षा’ ही चूक सहसा परत येत नाही. दहा वेळा लिहून घेतल्याने असे होताना मी पाहिलेले नाही.

वारांची नावे या वहीचे पहिले पान म्हणून उत्तम आहेत. रवी, पण रविवार. गुरू, पण गुरुवार. शनी, पण शनिवार. संस्कृतात मूळ ऱ्हस्व असलेला शब्द समासात पहिला आला की आपल्या मूळ रूपाला परत जातो. ‘बुद्धी’ आणि ‘बुद्धिबळ’, ‘कवी’ आणि ‘कविवर्य’ हेही तसेच. ‘लक्ष्मी’, ‘नदी’, ‘वधू’ मुळातच दीर्घ आहेत, म्हणून लक्ष्मीपूजन, नदीकाठ, वधूवर.

शब्द लिहिताना क्रम ठरलेला असावा. मुलाने शब्द पाहावा, मोठ्याने म्हणावा, त्यातली एकच अडचणीची जागा बोटाने दाखवावी, कागद झाकावा, लिहावा, उघडून स्वतः तपासावा. चुकला असेल तर खोडून दुरुस्त करू नये. पूर्ण शब्द नव्याने लिहावा, म्हणजे डोळ्यांसमोर योग्य रूपच राहते. आठवड्याला सहा-सात शब्द पुरेत. त्यांची उजळणी दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने करावी.

अनुस्वार : एक की अनेक?

‘मुलाना’ लिहिणाऱ्या मुलाला अनुस्वार ऐकायला सांगून उपयोग होत नाही, कारण बोलताना तो अस्पष्ट असतो. त्याला प्रश्न द्यावा : एक की अनेक, की मान द्यायचा आहे? मुलाला, मुलांना, घराचे, घरांचे, आणि एकच असले तरी आजोबांनी, बाईंचा, मुख्यमंत्र्यांनी. परिच्छेद लिहून झाल्यावर मुलाने फक्त या प्रश्नासाठी एकदा वाचन करावे.

येथे घरी शिकणाऱ्या मुलांची एक खास अडचण येते. त्यांच्या हाती आजी-आजोबांच्या कपाटातली जुनी पुस्तके पडतात आणि त्यांत ‘नांव’, ‘पांच’, ‘कां’, ‘घरीं’ असे छापलेले असते. उच्चार न होणारे हे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले. मुलाला ती पुस्तके अवश्य वाचू द्यावीत, पण हा बदल कधी झाला ते सांगावे, नाहीतर दोन्ही रूपे पाहून ते गोंधळते. जुन्या पानावरचे असे अनुस्वार पेन्सिलने शोधणे हा मुलांना आवडणारा खेळ आहे.

श्रुतलेखन

अडखळणाऱ्या मुलासाठी अचानक घेतलेले श्रुतलेखन केवळ त्याच्या चुका वाढवते. चाळीस-पन्नास शब्दांचा उतारा सोमवारी द्यावा, तोही मुलाला आवडणाऱ्या गोष्टीतला. मंगळवारी दोघांनी मिळून त्यातले नियमाचे शब्द आणि दुसऱ्या वहीतले शब्द वेगळ्या रंगांनी रेखावेत. बुधवारी मुलाने तो पाहून लिहावा, गुरुवारी आपण सांगावा, वाक्य एकदा पूर्ण आणि मग तुकड्यांनी. शुक्रवारी मुलाने मूळ उताऱ्याशी स्वतः ताडून पाहावे. तपासणी आपण करू नये. आपली चूक स्वतः सापडण्यात जे शिकणे आहे ते आपल्या लाल पेनात नाही.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगते : मुलाचे स्वतःचे लेखन, म्हणजे गोष्ट, पत्र, सहलीचे वर्णन, शुद्धलेखनाच्या तासात आणू नये. पहिल्या खर्ड्यात कोणतीही खूण करू नये. दुसऱ्या दिवशी, सध्या सुरू असलेल्या एकाच नियमासाठी तो पुन्हा वाचायला सांगावा. ज्या मुलाच्या प्रत्येक ओळीवर खुणा होतात ते मूल लिहायला सोपे शब्दच निवडू लागते. ‘विहीर’ चुकेल या भीतीने ते ‘आड’ लिहिते, आणि पुढे लिहिणेच कमी करते.

शुद्धलेखनाचा एकूण वेळ रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त नसावा. मोबाइलवरील कीबोर्ड शब्द सुचवतो, तो या वर्षी बंदच ठेवावा, कारण तो कधी ‘दूध’ सुचवतो, कधी ‘दुध’ही.

प्रयत्न करूनही जमत नसेल तर

सहा महिने नियमित काम करूनही मुलाची अक्षरे सुटत असतील, वाचन फार संथ असेल, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिला जात असेल आणि तोंडी उत्तरे मात्र उत्तम येत असतील, तर आधी कान व डोळे तपासून घ्यावेत आणि मग अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच मराठीतही आहे. मराठीत वाचणाऱ्या मुलाची तपासणी केवळ इंग्रजी चाचणीवर होऊ नये, असा आग्रह पालकांनी धरावा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा तपासणीचा विभाग आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्यामुळे प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत सवलतींसाठी अर्ज करता येतो. तपासणीचा निष्कर्ष काहीही आला तरी वर सांगितलेला क्रम बदलत नाही. कानाच्या टप्प्याला अधिक महिने द्यावे लागतात आणि एका वेळी शिकवायचे शब्द आणखी कमी करावे लागतात.

दर तीन महिन्यांनी तेच पंचवीस शब्द पुन्हा सांगावेत आणि नवा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवावा. कोणता गट सुटला आणि कोणता अजून अडतो हे मुलालाच शोधू द्यावे, आणि पुढच्या तीन महिन्यांचा नियम त्यालाच निवडू द्यावा.